साखर ७.४, पण अर्ज अडला पायांतल्या मुंग्यांवर

पत्र : आम्ही टेक्सासात, डॅलसजवळ प्लेनोला राहतो. माझं वय ६८. पासष्टी पूर्ण झाली तेव्हा शून्य प्रीमियमचा मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज प्लॅन (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा मेडिकेअर, पण खासगी कंपनीमार्फत) घेतला. चौदा वर्षांपासून डायबेटिस आहे. मेटफॉर्मिन, ग्लिपिझाइड आणि रात्री २४ युनिट लॅन्टस (इन्शुलिन) चालू आहे. ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या आहेत. पायांना मुंग्या येतात म्हणून गेल्या वर्षीपासून गॅबापेंटिन घेतो. ए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.४. माझे एंडोक्रिनॉलॉजिस्ट (डायबेटिसचे डॉक्टर) प्लॅनच्या नेटवर्कमधून बाहेर पडले, म्हणून ओरिजिनल मेडिकेअरवर (थेट सरकारी विम्यावर) जाऊन मेडिगॅप (मेडिकेअरने न भरलेला वाटा भरणारी खासगी पॉलिसी) घ्यावी असं ठरवलं आणि अर्ज केला. तो नाकारला गेला. आता दुसरा एजंट म्हणतो, पुढच्या अर्जात गॅबापेंटिन लिहूच नका. पत्नीला येत्या १४ ऑक्टोबरला ६५ पूर्ण होतील. तिलाही डायबेटिस आहे, पण मेटफॉर्मिन आणि आठवड्याला एक ओझेम्पिक एवढंच. तिचा विमा तिच्या कंपनीकडून आहे (कंपनी मोठी आहे), आणि ३१ डिसेंबरला ती निवृत्त होईल. तिने माझाच प्लॅन घ्यावा का? पुढे दर वर्षी दिवाळी ते संक्रांत पुण्यात राहायचा विचार आहे. मुलगा कनेक्टिकटला असतो. काय करावं?

उत्तर : तुम्ही स्वतःबद्दल आधी विचारलंत, पण उत्तर वहिनींपासून सुरू करतो. तुमच्या अर्जाला अजून थोडा वेळ लागला तरी चालेल, त्यांच्या तारखा मात्र थांबणार नाहीत.

वय ६५ किंवा जास्त आणि पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरच्या भेटी आणि दवाखान्याबाहेरच्या उपचारांचा भाग) सुरू, या दोन्ही गोष्टी ज्या महिन्यात एकत्र येतात, त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सहा महिने मेडिगॅपचं दार सताड उघडं असतं. या मुदतीत कंपनी तब्येतीवरून नाही म्हणू शकत नाही आणि डायबेटिसपायी जास्त प्रीमियमही लावू शकत नाही. इन्शुलिन २० युनिट असो की १२०, कोणी विचारत नाही. अर्जात आजारांच्या प्रश्नांचं पान असलं तरी ओपन एन्रोलमेंटची (म्हणजे याच सहा महिन्यांच्या मुदतीची) खूण केली की ते पान कोरं सोडायचं असतं. एजंट ते भरून घेऊ लागला, तर एजंट बदला. ही संधी आयुष्यात एकदाच मिळते. दर वर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर ज्या मुदतीच्या जाहिराती टीव्हीवर लागतात, ती अ‍ॅडव्हांटेज आणि औषधांच्या प्लॅनसाठी असते. मेडिगॅपशी तिचा संबंध नाही. ‘यंदा राहिलं, पुढच्या ऑक्टोबरात घेऊ’ म्हणणारे इथेच फसतात. आधीपासूनचा आजार असला तरी विमा नाकारता येत नाही, हा ओबामाकेअरमधला नियमही मेडिगॅपला लागू नाही.

आता वहिनींचा हिशेब. त्यांचा वाढदिवस ऑक्टोबरात, म्हणजे मेडिकेअरमध्ये पहिल्यांदा नाव घालायची सात महिन्यांची मुदत जुलै ते जानेवारी. कंपनीत वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर नोकरी चालू असेपर्यंत कंपनीचा विमा आधी पैसे देतो, त्यामुळे ऑक्टोबरातच पार्ट बी घेण्याची गरज नाही. उलट घेतली तर महिन्याला २०२.९० डॉलर (२०२६ चा दर) उगाच जातील आणि मेडिगॅपचे सहा महिने १ ऑक्टोबरपासूनच मोजायला लागतील. त्यांनी डिसेंबरमध्ये पार्ट बी साठी अर्ज करावा, म्हणजे ती १ जानेवारीपासून सुरू होईल आणि मेडिगॅपचं दार ३० जूनपर्यंत उघडं राहील. मात्र जानेवारी उलटू देऊ नका. कंपनीने निवृत्तीनंतर कोब्रा (नोकरी सुटल्यावर स्वतः पैसे भरून तोच विमा काही काळ चालू ठेवायची सोय) देऊ केला तरी त्याच्या भरवशावर पार्ट बी लांबवू नका, कारण मेडिकेअर कोब्राला नोकरीतला विमा मानत नाही आणि दंड आयुष्यभर लागतो. (कंपनी वीसपेक्षा लहान असती तर सल्ला उलटा असता : पासष्टीला पार्ट बी घ्यायलाच हवी.)

मेडिगॅपचा अर्ज नोव्हेंबरमध्येच करता येतो. सुरुवातीची तारीख १ जानेवारी घाला. निघण्याआधी कंपनीच्या एचआरकडून विमा किती महिने चालू होता याचं पत्र घ्या. मेडिगॅप कंपनीला आधीच्या आजारासाठी सहा महिन्यांपर्यंत थांबायला लावता येतं, पण त्याआधी सलग सहा महिने विमा असेल आणि मध्ये ६३ दिवसांहून मोठा खंड नसेल तर ही अट गळून पडते. एका कागदाचं काम आहे, पण तो हाताशी नसला की पहिल्याच क्लेमला पत्रव्यवहार सुरू होतो.

प्लॅन कोणता? मेडिगॅपच्या प्लॅनची नावं अक्षरांची असतात. त्यांच्यासाठी खरी निवड जी आणि एन यांतली. सी आणि एफ हे प्लॅन १ जानेवारी २०२० नंतर मेडिकेअरला पात्र झालेल्यांना मिळत नाहीत. जी मध्ये पार्ट बीचं वर्षाचं डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतः भरायची रक्कम (२०२६ साठी २८३ डॉलर), भरलं की मेडिकेअरने मान्य केलेल्या उपचारांचं उरलेलं बिल पॉलिसी भरते. एन स्वस्त असतो, पण डॉक्टरच्या भेटीला २० डॉलरपर्यंत आणि इमर्जन्सी रूमला ५० डॉलरपर्यंत द्यावे लागतात. शिवाय मेडिकेअरचा दर पूर्ण न स्वीकारणारा डॉक्टर १५ टक्क्यांपर्यंत जास्त लावू शकतो, तेही आपल्याच खिशातून. डायबेटिसवाल्याचं वर्ष पाहा : एंडोक्रिनॉलॉजिस्ट तीन-चार वेळा, डोळे, पाय, घरचा डॉक्टर. दहा-बारा भेटी धरल्या तर दोन-अडीचशे डॉलर होतात. प्रीमियमचा फरक वर्षाला त्याहून बराच जास्त असेल तर एन परवडतो. पण एन वरून पुढे जी वर जायचं म्हटलं तर टेक्साससारख्या राज्यात पुन्हा तब्येतीचे प्रश्न आडवे येतात. म्हणून मनात शंका असेल तर आमचा कल जी कडे.

कंपनी निवडताना एक गोष्ट निरोगी माणसापेक्षा वहिनींनी जास्त जपायची. जी प्लॅन कोणाचाही घेतला तरी फायदे तेच असतात, ते सरकारने ठरवून दिलेले आहेत. फरक प्रीमियममध्ये आणि तो दर वर्षी किती वाढतो यात. पहिल्या वर्षी सर्वांत स्वस्त असलेली कंपनी पुष्कळदा पुढे दर भरमसाट वाढवते, मग निरोगी माणसं दुसरीकडे निघून जातात आणि डायबेटिसवाले त्याच पॉलिसीत अडकतात. म्हणून गेल्या पाच वर्षांतली दरवाढ एजंटकडून लेखी मागा. दर वयाबरोबर चढणारा आहे की पॉलिसी घेतली त्या वयाला बांधलेला, हेही विचारा. एकाच घरातल्या दोघांसाठी सवलत आहे का, तेही पाहा.

थोडक्यात, ‘माझाच प्लॅन घ्यावा का’ याला आमचं उत्तर नाही असं आहे. पासष्टीला पहिल्यांदाच अ‍ॅडव्हांटेज घेतलं तर बारा महिन्यांच्या आत परत फिरून मेडिगॅप मिळण्याचा हक्क असतो, हे खरं. पण तब्येत धड आहे तोवर कोणी परत फिरत नाही, आणि तेरावा महिना कधी लागला ते कळतही नाही. तुमच्या बाबतीत तेच झालं.

आता तुमचं. प्रश्नावलीच्या वाटेला जाण्याआधी प्रश्नावलीविना आत जायचा एखादा रस्ता आहे का ते पाहू. डॉक्टर नेटवर्कमधून बाहेर पडले, एवढ्याने हक्क मिळत नाही. पण तुमचा प्लॅनच बंद झाला किंवा तुमच्या काउंटीतून (जिल्ह्यातून) निघून गेला, तर ए, बी, डी, जी, के, एल यांपैकी राज्यात विकला जाणारा कोणताही मेडिगॅप प्लॅन प्रश्न न विचारता द्यावा लागतो. अर्ज विमा संपायच्या ६० दिवस आधीपासून संपल्यावर ६३ दिवसांपर्यंत करता येतो. असं पत्र ऑक्टोबरच्या सुरुवातीला टपालाने येतं. जाहिरातींच्या ढिगाऱ्यात ते कचऱ्यात जाऊ देऊ नका. तुमच्यासारख्या माणसासाठी ते सोन्याचं पत्र आहे. मात्र ते आल्यावर घाईने दुसऱ्या अ‍ॅडव्हांटेज प्लॅनमध्ये उडी मारली आणि तो चालू झाला, की हक्क हातचा गेला.

दुसरा रस्ता तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे. कनेक्टिकट आणि न्यूयॉर्क या राज्यांत मेडिगॅप वर्षभर, कोणत्याही आजारासह मिळते. तुम्ही खरोखरच मुलाकडे राहायला गेलात, तर प्लॅनच्या क्षेत्राबाहेर गेल्यामुळे आपोआपच हक्क मिळतो आणि राज्याचा नियमही पाठीशी असतो. मुलाचा पत्ता नुसता कागदावर दाखवून मात्र हे करू नका. कॅलिफोर्निया, ओरेगॉन वगैरे राज्यांत वाढदिवसाच्या सुमारास पॉलिसी बदलायची सोय आहे, पण ती आधीपासून मेडिगॅप असलेल्यांसाठी. त्याबद्दल कोणी सांगितलं असेल तर ते तुमच्या कामाचं नाही.

हे दोन्ही नसेल तर उरते ती प्रश्नावली, म्हणजे अंडररायटिंग. ए१सी ७.४ म्हणजे चांगली साखर, तरी नकार कसा, हे तुम्हाला कोडं वाटतंय. कंपनीच्या नजरेत नुसत्या साखरेचं वजन कमी, तिच्या सोबत काय काय आलंय त्याचं वजन जास्त. गोळ्यांवरचा साधा टाइप टू बऱ्याच कंपन्यांना चालतो. इन्शुलिन म्हटलं की काही कंपन्या तिथेच थांबतात. बऱ्याच ठिकाणी दिवसाला ५० युनिट ही रेषा असते, आणि डोस अलीकडे वाढला आहे का हेही पाहतात. तुमचे २४ युनिट त्या रेषेच्या बरेच आत आहेत. ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्याही बहुतेकांना चालतात, तिसरीला मात्र अडवतात. (लिसिनोप्रिल डॉक्टरांनी फक्त मूत्रपिंड जपण्यासाठी दिलं असेल तरी कंपनी ते ब्लडप्रेशरच्या खात्यात मोजते. डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या.) पण डायबेटिससोबत न्यूरोपथी (नसांचा विकार), रेटिनोपथी (डोळ्यांच्या पडद्याचा विकार), मूत्रपिंडाचा त्रास, पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार, हृदयविकार किंवा पक्षाघात यांपैकी काहीही असेल, तर जवळजवळ सगळीकडे नकारच. तुमचा अर्ज अडला असेल तर गॅबापेंटिनवर. ते दिसलं की अंडररायटर न्यूरोपथी वाचतो.

म्हणूनच एजंटने ते लपवायला सांगितलं. तसं करू नका, आणि ते फक्त नीतीपायी सांगत नाही. अर्जावर सही करताना तुम्ही फार्मसीची नोंद बघायची परवानगी देता. मिलिमन इंटेलिस्क्रिप्टसारख्या संस्थांकडून तुमच्या गेल्या काही वर्षांतल्या औषधांची यादी, डोस आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरसकट, कंपनीपुढे येते. समजा तिथूनही सुटलात, तरी पहिल्या दोन वर्षांत मोठा क्लेम आला की कंपनी जुने कागद उकरते, पॉलिसी मुळापासून रद्द करते आणि प्रीमियम परत पाठवते. तोवर अ‍ॅडव्हांटेज सोडलेलं, मेडिगॅप गेलेली, आणि पार्ट बीच्या बिलांतले मेडिकेअर न भरणारे २० टक्के कुठल्याही मर्यादेविना तुमच्या डोक्यावर. एजंटचं कमिशन तोपर्यंत जमा झालेलं असतं.

त्याऐवजी नकाराचं कारण लेखी मागा. नकार अशा एखाद्या अहवालावरून दिला असेल, तर ६० दिवसांच्या आत त्या अहवालाची प्रत फुकट मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. ती वाचा. कधी एकदाच आणलेली आणि न घेतलेली गोळी तिथे असते, तर कधी चुकून दुसऱ्याचं औषध.

मग डॉक्टरांकडच्या नोंदीत निदानाचा कोड पाहा. ई११.९ म्हणजे गुंतागुंतीविना टाइप टू. ई११.४० किंवा ई११.४२ असेल तर ती डायबेटिक न्यूरोपथी. ई११.२२ म्हणजे मूत्रपिंड. अ‍ॅडव्हांटेज कंपन्यांना सरकारकडून मिळणारा पैसा रुग्णाच्या आजारांनुसार वाढतो, त्यामुळे त्यांच्या वार्षिक ‘घरपोच तपासणी’त गुंतागुंती फार तत्परतेने नोंदल्या जातात. तुमच्या डॉक्टरांनी कधी न केलेलं निदान त्यातून नोंदीत आलेलं असू शकतं. नोंद चुकीची असेल तर दुरुस्तीसाठी लेखी अर्ज करा. दवाखान्याला ६० दिवसांत उत्तर द्यावं लागतं (एकदा ३० दिवसांची मुदतवाढ घेता येते). नोंद बरोबर असेल तर ती बदलून मागू नका, आणि कोणी देऊही नये.

आणखी एक गोष्ट, विमा बाजूला ठेवूनही महत्त्वाची. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी१२ कमी होऊ शकतं, आणि बी१२ च्या कमतरतेनेही पायांना मुंग्या येतात. तुम्ही शाकाहारी असाल तर शक्यता अधिक. बी१२ ची तपासणी झालेली नसेल तर डॉक्टरांना विचारा. मुंग्यांचं मूळ तिथे निघालं, किंवा गॅबापेंटिन मुळात कंबरेच्या नसेसाठी असेल, तर उपचारही बदलेल आणि अर्जात लिहायचं खरं उत्तरही. पण विम्यासाठी कोणतंही औषध स्वतःहून बंद करू नका. इन्शुलिन तर नाहीच.

हे सगळं झालं की एकाच कंपनीचा नव्हे, अनेक कंपन्यांचं काम करणारा एजंट गाठा आणि अर्ज न भरता त्याला आधी चाळणी करायला सांगा. त्याच्या हातात एक पान द्या : प्रत्येक औषधाचं नाव, डोस, कधीपासून, शेवटचा बदल कधी, कशासाठी. शेवटचे दोन ए१सी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, डोळ्यांच्या तपासणीचा निष्कर्ष, उंची-वजन, दोन वर्षांत रुग्णालयात राहिलात का. डॉक्टरांनी सांगितलेली पण अजून न केलेली एखादी तपासणी असेल तर ती आधी उरका. ‘तपासणी बाकी’ या उत्तरावर चांगले अर्ज परत येतात. कंपनीकडून फोन येतो तेव्हा त्या पानावरूनच उत्तरं द्या. ‘इन्शुलिन साधारण तीस-पस्तीस असेल’ असं अंदाजाने बोलून लोक स्वतःचा अर्ज बिघडवतात. टेक्सासमध्ये हायकॅप नावाचा सरकारी कार्यक्रम मोफत समुपदेशन करतो, तिथे काही विकत घ्यावं लागत नाही. नंबर माहीत नसेल तर १-८००-६३३-४२२७ या मेडिकेअरच्या क्रमांकावर विचारा.

मंजुरी मिळालीच तर क्रम चुकवू नका. पहिल्यांदा मेडिगॅपची लेखी मंजुरी, सुरुवात १ जानेवारी. त्यानंतरच ७ डिसेंबरच्या आत औषधांचा स्वतंत्र पार्ट डी प्लॅन घ्यायचा. तो घेतला की अ‍ॅडव्हांटेज ३१ डिसेंबरला आपोआप बंद होतं, वेगळं रद्द करायला लागत नाही. ऑक्टोबर हुकला तर १ जानेवारी ते ३१ मार्च या मुदतीतही बाहेर पडता येतं. मंजुरी यायच्या आधी मात्र अ‍ॅडव्हांटेज सोडायचं नाही. वहिनींनाही पार्ट डी लागेलच, कारण मेडिगॅपमध्ये औषधं नसतात. २०२६ मध्ये पार्ट डीच्या यादीतल्या औषधांवर तुमचा वर्षाचा खर्च २,१०० डॉलरला थांबतो, म्हणून ओझेम्पिक यादीत असलेला प्लॅन पाहा. इन्शुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या वर नाही. रक्त तपासायच्या पट्ट्या पार्ट बी मधून येतात : इन्शुलिनवाल्याला तीन महिन्यांना ३००, इतरांना १००.

आणि मंजुरी नाहीच मिळाली तर? न्यूरोपथीचं निदान खरं असेल तर तुमच्या बाबतीत हीच शक्यता जास्त, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. मग ओरिजिनल मेडिकेअरवर मेडिगॅपविना जाऊ नका. डोळ्यांतली इंजेक्शनं किंवा डायलिसिस अशा गोष्टींचे २० टक्के कुठे थांबत नाहीत. अ‍ॅडव्हांटेजमध्ये निदान वर्षाची कमाल मर्यादा असते (२०२६ साठी नेटवर्कमध्ये जास्तीत जास्त ९,२५० डॉलर, बऱ्याच प्लॅनची त्याहून कमी). येत्या ऑक्टोबरात प्लॅन निवडताना उलटं जा : आधी एंडोक्रिनॉलॉजिस्टच्या दवाखान्यात फोन करून ते २०२७ मध्ये कोणते प्लॅन घेणार आहेत ते विचारा, मग त्यांतून निवडा. खास डायबेटिसच्या रुग्णांसाठीचे अ‍ॅडव्हांटेज प्लॅनही काही काउंटींत असतात, तेही बघा.

पुण्याचं राहिलं. ओरिजिनल मेडिकेअर भारतात पैसे देत नाही. वहिनींच्या जी किंवा एन पॉलिसीत परदेशातल्या इमर्जन्सीसाठी २५० डॉलर वजा जाता ८० टक्के मिळतात, आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलरपर्यंत. पण इमर्जन्सी प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत सुरू झालेली असावी लागते. दिवाळीला जाऊन संक्रांतीचा तिळगूळ घेऊन निघालात तर बहुतेक वर्षी साठ दिवस उलटतात. त्या शेवटच्या दिवसांसाठी, आणि तुमच्यासाठी तर पूर्ण मुक्कामासाठी, वेगळा प्रवास विमा लागेल. तो घेताना आधीपासूनच्या डायबेटिसबद्दलचं कलम वाचूनच पैसे भरा.